कामांची कीर्द, ध्येयांची खतावणी

कामे, मनःस्थिती आणि ध्येये सांभाळण्यासाठी माणूस स्वतःपुरती जी नोंदपद्धत उभी करतो, तिच्यातली मूळ अडचण कालमानाची आहे. काम तासाचे किंवा दिवसाचे असते. मनःस्थिती सकाळी एक असते आणि संध्याकाळी दुसरी. ध्येयाला महिने लागतात, कधी वर्षे. ही तिन्ही एकाच यादीत घातली की यादी काही आठवड्यांत निकामी होते. पहिल्या पानावर ‘गॅस सिलिंडर नोंदवणे’, ‘चिडचिड कमी करणे’ आणि ‘घराचे कर्ज फेडणे’ असे एकाखाली एक लिहिलेली डायरी पुष्कळ घरांत सापडेल. पहिली नोंद दोन मिनिटांत निकालात निघते. तिसरीला पंधरा-वीस वर्षे लागतात. मधली नोंद हे कामच नाही. तिच्यापुढे बरोबरची खूण कोणत्या दिवशी करायची, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही. संक्रांत उलटते आणि डायरी दुधाच्या हिशेबाला लागते. दोष आळसाला दिला जातो, पण बहुतेक वेळा तो यादीच्या घडणीत असतो.

अशी पद्धत टिकायची असेल तर तिन्हींच्या नोंदी वेगळ्या हव्यात, त्या लिहिण्याच्या वेळा वेगळ्या हव्यात आणि आठवड्यातून एकदा त्यांचा मेळ घातला गेला पाहिजे. यांत मेळ सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच सर्वांत आधी सुटतो.

जुन्या उदाहरणांत सर्वांत तपशीलवार उदाहरण बेंजामिन फ्रँकलिन (१७०६–१७९०) यांचे आहे. आत्मचरित्राच्या ज्या भागात त्यांनी ते सांगितले, तो भाग १७८४ मध्ये पॅरिसजवळच्या पासी येथे लिहिला गेला. पद्धत स्वतः मात्र त्यांच्या तरुणपणातली. मिताहार, मौन, व्यवस्थितपणा, काटकसर, उद्योग, नम्रता असे १३ गुण त्यांनी निवडले. वहीच्या प्रत्येक पानावर वारांचे ७ उभे रकाने आणि गुणांच्या १३ आडव्या ओळी आखल्या. ज्या गुणात चूक झाली त्याच्यापुढे त्या वाराखाली काळा ठिपका. एका आठवड्यात एकाच गुणावर लक्ष द्यायचे. बाकीचे नेहमीच्या गतीने चालू द्यायचे, फक्त त्यांचेही ठिपके मांडत राहायचे. १३ आठवड्यांत एक फेरी, वर्षाला चार फेऱ्या. जुने ठिपके खरवडून खरवडून कागदाला भोके पडू लागली, तेव्हा त्यांनी तक्ता हस्तिदंती पानांवर उतरवला. रेघा पक्क्या शाईच्या आणि ठिपके शिसपेन्सिलीचे. ओल्या स्पंजाने पुसले की पान पुन्हा कोरे. याखेरीज २४ तासांचे एक वेगळे वेळापत्रक होते. त्यात सकाळी ‘आज कोणते चांगले काम करायचे’ आणि रात्री ‘आज कोणते केले’ असे दोन प्रश्न ठेवलेले होते.

दिनक्रम आखून देणे हे काही फ्रँकलिन यांचे वैशिष्ट्य नाही. दासबोधाच्या अकराव्या दशकात समर्थ रामदासांनी पहाटे उठण्यापासूनचा दिनक्रम सांगितलाच आहे. फ्रँकलिन यांची भर अशी की दिनक्रम पाळला की नाही, याचा लेखी हिशेब ठेवायचा. शिवाय दिवसाचे वेळापत्रक आणि गुणांचा तक्ता त्यांनी वेगळा ठेवला. दिवसाची कामे एका जागी आणि माणूस म्हणून जे व्हायचे ते दुसऱ्या जागी, ही विभागणी आजच्या कित्येक महागड्या ॲपांतही सापडत नाही.

त्यांना सर्वांत जड गेला तो व्यवस्थितपणा. त्यांनी दिलेले कारण विचार करण्यासारखे आहे: ज्याला आपला वेळ स्वतः ठरवता येतो अशा कारागिराला वेळापत्रक पाळता येईल, पण ज्या धंदेवाल्याला लोकांना त्यांच्या सोयीने भेटावे लागते, त्याला ते जमत नाही. ठरवलेल्या पूर्णत्वाला आपण कधीच पोहोचलो नाही, पण प्रयत्नाने आधीपेक्षा बरे आणि सुखी झालो, असा त्यांचा स्वतःबद्दलचा निवाडा आहे. एक गोष्ट मात्र त्यांच्या पद्धतीत अजिबात नव्हती. ठिपका का पडला, त्या वेळी मन कसे होते, याला तक्त्यात जागाच नव्हती.

कामांची नोंद आणि ध्येयांची नोंद यांतला भेद मराठी मुलखातल्या हिशेबाच्या रीतीत फार पूर्वीपासून आहे. पेढीवर कीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत. पेशवे दप्तरातही रोजकीर्दींचे रुमाल आहेत. कीर्दीत घडेल ते घडेल त्या क्रमाने, तारीखवार उतरते. खतावणीत त्याच नोंदी ज्याच्या त्याच्या खाती जातात. आज काय झाले, ते कीर्द सांगते. अमक्याचे खाते कुठवर आले, ते खतावणी सांगते. कीर्द रोजच्या रोज लिहावी लागते, खतावणीला आठवडा थांबता येते. नुसती कीर्द लिहून खतावणीच केली नाही तर वर्षाअखेरीस नोंदींचा ढीग उरतो, आणि कीर्दीवाचून केलेली खतावणी ही कल्पनेतली जमाखर्चाची वही होते. वैयक्तिक पद्धतीत कामे कीर्दीत जातात आणि ध्येये ही खाती असतात. ‘इंग्रजी सुधारणे’ ही नोंद कीर्दीत शोभत नाही; ते खाते आहे. त्या खाती जमा होण्याजोगे काम म्हणजे ‘बुधवारी रात्री जेवणानंतर संपादकीय मोठ्याने वाचणे’.

कामांच्या कीर्दीचे पहिले प्रयोजन म्हणजे विसरण्याची मुभा मिळवणे. एका वेळी मनात धरून ठेवता येणाऱ्या गोष्टी मोजक्याच असतात. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ही मर्यादा साताच्या आसपास मानली होती. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ती चाराच्या आसपास खाली आणली. त्यातल्या दोन जागा विजेचे बिल आणि आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या यांनीच अडवल्या, तर समोरच्या कामाला किती उरणार? बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्या हाताखाली काम करणाऱ्या ब्ल्युमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडले की अर्धवट राहिलेली कामे पूर्ण झालेल्यांपेक्षा अधिक लक्षात राहतात. हा निष्कर्ष पुढच्या प्रयोगांत सगळीकडे टिकला नाही. पण त्याच प्रयोगशाळेतल्या मारिया ओव्सियांकिना यांनी १९२८ मध्ये दाखवलेली, अपुरे काम पुन्हा हाती घेण्याची ओढ बरीच पक्की ठरली आहे. ही ओढ शांत करायला काम पुरे करावेच लागते असे नाही. मासिकाम्पो आणि बाउमायस्टर यांच्या २०११ च्या प्रयोगांत, अपुऱ्या कामाची आठवण करून दिलेल्या लोकांचे लक्ष वाचनातून उडत होते. त्याच कामाचा नेमका बेत ज्यांना आखू दिला, त्यांचे लक्ष मात्र टिकले. काम दोन्ही गटांचे अपुरेच होते.

बेत नेमका हवा, हे यातले कळीचे. एखाद्या शिक्षिकेच्या वहीत ‘पीएफचे बघणे’ असे लिहिलेले असते. ही नोंद पाहिली की पुढे काय करायचे ते प्रत्येक वेळी नव्याने ठरवावे लागते, म्हणून डोळे पुढच्या ओळीवर जातात. ‘मंगळवारी मधल्या सुट्टीत कार्यालयातून यूएएन क्रमांक मागून घेणे’ या नोंदीत वार आहे, वेळ आहे, जागा आहे आणि हाताने करायची कृती आहे. पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये अशा ‘अमुक वेळ आली की तमुक करायचे’ धाटणीच्या बेतांचा पुरावा एकत्र मांडला. नुसत्या इच्छेपेक्षा असे बेत अधिक तडीस जातात, याचे कारण सोपे आहे: ठरवण्याचा भाग आधीच उरकलेला असतो आणि आठवण करून देण्याचे काम मधली सुट्टीच करते.

कीर्द बिघडते ती लांबीने. माणूस आपल्या कामाला लागणारा वेळ सातत्याने कमी धरतो. काहनेमन आणि ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये या चुकीला नाव दिले. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना अंदाज विचारला. सरासरी अंदाज ३३.९ दिवसांचा होता. सगळेच बिनसले तर किती लागतील, याचे उत्तर ४८.६ दिवस आले. प्रत्यक्षात लागले ५५.५ दिवस. वाईटात वाईट अंदाजही कमीच पडला. तेव्हा दिवसाची यादी करताना अंदाजावर भिस्त न ठेवता दिवसाचा बराच भाग मोकळा सोडणे हा एकच व्यवहार्य उपाय आहे. त्या मोकळ्या जागेत पाहुणे येतात, सर्व्हर बंद पडतो, मुलाला ताप येतो. रात्री यादीतली सहा कामे शिल्लक राहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी ती यादी उघडायलाच कचरतो, आणि न उघडलेली यादी काही उपयोगाची नाही.

तरीही काही कामे या पानावरून त्या पानावर जात राहतात. ती लांब नसतात, अवघडही नसतात. ‘वाटणीबद्दल भावाशी बोलणे’ हा दहा मिनिटांचा फोन चार-चार महिने पुढे ढकलला जातो, आणि दरम्यान तीच व्यक्ती घरातले सगळे माळे साफ करून टाकते. याला वेळेचे नियोजन म्हणत नाहीत. फ्युशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल यांनी २०१३ मध्ये मांडणी केली की चालढकल हा मुळात भावना सावरण्याचा प्रकार आहे: काम पुढे ढकलून माणूस त्या कामासोबत येणारी भीती, अपमान किंवा कंटाळा तेवढ्यापुरता टाळतो. आताचा सुटकेचा श्वास उद्याच्या अंगावर टाकला जातो. हे मान्य केले की कामांच्या यादीला मनःस्थितीची नोंद का जोडावी लागते, ते वेगळे सांगायला नको. फ्रँकलिन यांच्या तक्त्यात पोकळी होती ती इथे. तीनदा पुढे गेलेल्या नोंदीपुढे वेळ बदलून लिहिण्यात अर्थ नसतो. ‘हे करताना काय वाटेल असे वाटते?’ या प्रश्नाचे उत्तर तिथे दोन शब्दांत लिहावे. ‘आवाज चढेल’ असे उत्तर आले, तर फोनऐवजी पत्र, किंवा आधी मामांशी बोलणे, असा रस्ता दिसू शकतो.

मनःस्थितीची नोंद ठेवण्याची रीत शक्य तितकी कोरडी असावी. जेम्स रसेल यांनी १९८० मध्ये भावनांची मांडणी दोन अक्षांवर केली: एक सुखद–असुखद, दुसरा जोम अधिक–उणा. स्वतःपुरत्या वहीला एवढे पुरते. दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी, दोन्हींना एक ते पाचमधला आकडा द्यायचा आणि त्या वेळी काय चालले होते ते चार शब्दांत लिहायचे. ‘रवि. सायं. ७ : सुख २, जोम १, वह्या तपासायच्या राहिल्या’ अशी ही नोंद. एका नोंदीतून काहीच कळत नाही. महिनाभराच्या पानांत मात्र चारही रविवारची संध्याकाळ उतरलेली दिसते, आणि वह्या शनिवारी सकाळीच हातावेगळ्या केल्या तर काय होते, हे पाहण्याची इच्छा होते.

ठरल्या वेळीच लिहायचे, कारण आठवणीवर विसंबता येत नाही. रेडेलमायर आणि काहनेमन यांच्या १९९६ च्या अभ्यासात, वेदनादायक तपासणी कशी गेली हे रुग्णांनी नंतर सांगितले ते मुख्यतः सर्वांत तीव्र क्षण आणि शेवटचे क्षण यांवरून. तपासणी किती वेळ चालली, याला आठवणीत फारसे वजन नव्हते. आठवड्याचेही तसेच होते. शुक्रवारी साहेबांशी खटका उडाला की अख्खा आठवडा वाईट गेल्याचे ठामपणे सांगितले जाते, आणि वहीत मंगळवार-बुधवारला चार-चार गुण पडलेले असतात.

आकड्यांच्या पलीकडे जायचे असेल तर त्याची पद्धतही महाराष्ट्रात परिचयाची आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून विवेकनिष्ठ मानसोपचार मांडला आणि कि. मो. फडके यांनी तो लेखनातून व अभ्यासवर्गांतून मराठी वाचकांपर्यंत पोहोचवला. त्यातली तीन रकान्यांची मांडणी वहीत सहज बसते: घटना, घटनेबद्दलचा समज, परिणाम. ‘मुख्याध्यापकांनी नमस्काराला उत्तर दिले नाही’ ही घटना. ‘दिवसभर हात चालला नाही’ हा परिणाम. मधला रकाना बहुतेक जण कोराच सोडतात, आणि सगळा मामला तिथेच असतो: ‘सर्वांनी आपली दखल घेतलीच पाहिजे.’ असा समज कागदावर उतरला की तो किती हट्टी आहे, ते लिहिणाऱ्यालाच दिसते.

मन लागले की काम करू, ही समजूतही तपासून पाहावी लागते. ॲरन बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ च्या ग्रंथात नैराश्याच्या रुग्णांसाठी तासातासाचा तक्ता वापरला आहे. केलेल्या प्रत्येक कृतीपुढे दोन आकडे लिहायचे: त्यातून जमल्याची भावना किती आली, आणि आनंद किती मिळाला. अंथरुणात पडून कशातच काही वाटत नाही म्हणणाऱ्याच्या तक्त्यातही अंघोळ, झाडांना पाणी, शेजाऱ्याशी दोन शब्द यांपुढे शून्याहून मोठे आकडे येतात. वर्तन-सक्रियता नावाने पुढे विकसित झालेली उपचारपद्धती याच दिशेने गेली: आधी छोटी कृती, मनःस्थिती तिच्या मागून. कामांची यादी आणि मनाची वही एकमेकींना खरोखर उपयोगी पडतात ती जागा ही.

धोकाही इथेच आहे. आपल्याला वाईट का वाटते हे पुन्हापुन्हा उगाळत बसणे नैराश्य लांबवते, असे सुसान नोलेन-होक्सेमा यांनी १९९१ पासून मांडले. मनाची वही या उगाळण्याला आयती जागा देऊ शकते. म्हणून तिच्यावर मिनिटांची मर्यादा हवी, आणि पानभर कारणमीमांसा वर्ज्य. आणखी एक मर्यादा अधिक गंभीर आहे. पीएचक्यू-९ ही २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली नऊ प्रश्नांची चाचणी मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. २७ पैकी १० किंवा अधिक गुण आले तर तज्ज्ञांकडून तपासणी व्हावी, असे साधारणपणे मानले जाते. वहीत सलग दोन आठवडे एक-दोनचेच आकडे पडत असतील, झोप-भूक बिघडली असेल, किंवा जगणे नको असे विचार येत असतील, तर पद्धत सुधारण्याच्या भानगडीत पडू नये आणि थेट डॉक्टर गाठावा. स्वतःला इजा करण्याचा विचार असेल तर दोन आठवडेही थांबायचे नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या सरकारी टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येते.

ध्येयांबद्दल सांगण्यासारखे त्या मानाने कमी आहे, कारण त्यावर सल्ल्यांचा पाऊसच पडत असतो. एडविन लॉक आणि गॅरी लेथम यांनी दाखवले की नेमके आणि थोडे अवघड ध्येय ‘जमेल तेवढे करू’पेक्षा अधिक काम करवून घेते. २०१६ चे हार्किन आणि सहकाऱ्यांचे १३८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण सांगते की प्रगतीची नोंद ठेवणाऱ्यांची ध्येये अधिक प्रमाणात साध्य होतात. सवय २१ दिवसांत लागते ही समजूत मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून पसरली. तिला आधार नाही. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर केलेल्या, २०१० मध्ये छापून आलेल्या अभ्यासात मध्यक ६६ दिवसांचा आला आणि व्यक्तीव्यक्तींतला फरक १८ ते २५४ दिवसांचा होता. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. साखळी तुटली म्हणून सगळेच सोडून देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मोजमाप मात्र ध्येयाची जागा घेऊ शकते. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाच्या संदर्भात म्हटले की एखादे मापक नियंत्रणासाठी वापरले जाऊ लागले की ते मापक म्हणून खराब होते. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये हा नियम रोज पाहायला मिळतो. स्पर्धा परीक्षेचा उमेदवार ‘रोज १२ तास’ असे लिहून टेबलासमोर चिकटवतो. थोड्याच दिवसांत १२ तास पुरेही होतात, कारण खुर्चीवर बसलेला वेळ मोजला जात असतो. पुस्तक तेच पान उघडून समोर असते. ‘आज न पाहता किती प्रश्न सोडवले आणि किती चुकले’ हे माप त्याहून बरे, कारण ते फसवायला कठीण आहे. मनःस्थितीचे तर ध्येय करूच नये. ‘रोज सुख किमान ४’ असे ठरवणारा माणूस सुखी होत नाही, खोटे आकडे लिहायला शिकतो.

आठवड्याच्या मेळाला अर्धा तास पुरतो. डेव्हिड ॲलन यांनी २००१ च्या पुस्तकात मांडलेल्या प्रसिद्ध पद्धतीतही साप्ताहिक आढाव्यावर सगळा भर आहे. तिच्यातून लोक उचलतात ते मात्र याद्या आणि कप्पे, आढावा मागे राहतो. मेळ घालताना आधी मनाची पाने पाहावीत. पुढच्या आठवड्यावर किती ओझे टाकायचे ते त्यांवरून ठरते. खालावलेल्या आठवड्यानंतर दुप्पट भरपाईची यादी करणे हा पद्धत मोडण्याचा हमखास मार्ग आहे. मग झालेली कामे कोणकोणत्या खाती गेली, ते पाहावे. खाती तीन-चारच असावीत. चार आठवडे एखाद्या खाती काहीच जमा झाले नसेल तर दोनच शक्यता उरतात. एक तर ते ध्येय लोकांच्या कौतुकासाठी घेतलेले असते, किंवा आठवडा दुसऱ्या कोणाच्या ताब्यात असतो. पहिल्या बाबतीत खाते बंद करावे, निःसंकोच. शेवटी तीनदा पुढे गेलेल्या नोंदींचा निकाल लावायचा: तुकडे करणे, दुसऱ्याला देणे किंवा खोडणे. खोडण्याला बहुतेक लोक पराभव समजतात. वास्तविक मेळातले सर्वांत उत्पादक काम तेच.

आठवडा दुसऱ्याच्या ताब्यात असणे ही बाब या विषयावरच्या बहुतेक पुस्तकांत येत नाही. पद्धती लिहिणाऱ्यांचा स्वयंपाक दुसरे कोणी तरी करत असते, असे त्या वाचून वाटते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे बिनपगारी घरकामात जातात असे दिसले. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटे. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. ज्या बाईचे जवळजवळ पाच तास असे जातात, आणि तेही दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांनी, तिला ‘सकाळचे दोन तास अखंड एकाग्रतेचे’ हा सल्ला देण्यात अर्थ नाही. तिच्या पद्धतीत कामे पंधरा मिनिटांत संपतील एवढी लहान हवीत, आणि घराची कीर्द तिच्या एकटीच्या डोक्यात असता कामा नये. १९७३ मध्ये निघालेले ‘कालनिर्णय’ कित्येक स्वयंपाकघरांत हेच काम करत आले आहे: दुधाचे जास्तीचे अर्धा लिटर, कामवाल्या मावशींचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, सगळे चौकोनांत भिंतीवर, सर्वांना दिसेल असे. फक्त त्यात लिहिणारा हात बहुधा एकच असतो. तिथे दुसरा हात आला तर कुठल्याही ॲपपेक्षा जास्त वेळ मोकळा होईल.

अशा सगळ्या खटाटोपावर एक मूलगामी आक्षेप आहे. ऑलिव्हर बर्कमन यांनी २०२१ च्या पुस्तकात तो नेटकेपणाने मांडला: ८० वर्षांचे आयुष्य म्हणजे चार हजारांच्या आसपास आठवडे, कामे झपाट्याने उरकू लागले की कामेच वाढतात, सगळे काही सांभाळता येईल ही आशाच माणसाला पिळते. आक्षेप खरा आहे, आणि जास्तीत जास्त कामे उरकणे हाच हेतू असलेल्या पद्धतीला तो घातक ठरतो. तीन-चार खात्यांची मर्यादा आणि खोडण्याची सक्ती असलेल्या पद्धतीला तो तितका लागू पडत नाही. काय करायचे नाही, हे लेखी ठरवण्याची सोय डोक्यातल्या यादीत नसते. तिथे काहीच खोडले जात नाही.

साधनाचा प्रश्न लोक सर्वांत आधी विचारतात. खरे तर तो सर्वांत शेवटी यावा. तारखेची आठवण, पुन्हापुन्हा येणारी कामे, घरातल्या दोघांनी मिळून पाहायची यादी यांसाठी फोन उत्तम. विचार करून लिहायच्या आणि खोडायच्या गोष्टींसाठी वही बरी, कारण खोडलेले दिसत राहते. पद्धत सांभाळण्यात रोज दहा मिनिटांहून जास्त वेळ जाऊ लागला, रंगीत पेन आणि नवनवे तक्ते येऊ लागले, की ती पद्धतच चालढकलीचे साधन झाली असे समजावे.

मनःस्थितीच्या नोंदींपुरता मात्र निर्णय स्पष्ट आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मार्च २०२३ मध्ये ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या बेटरहेल्प या कंपनीवर, ग्राहकांची मानसिक आरोग्याशी संबंधित माहिती जाहिरातीसाठी फेसबुक, स्नॅपचॅट यांसारख्या कंपन्यांना दिल्याचा आरोप ठेवला. चूक मान्य न करता कंपनीने ७८ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. कामांची यादी बाहेर गेली तर फार तर गंमत होईल. भीती, राग आणि रिकाम्या संध्याकाळी यांची यादी नोकरी देणाऱ्याच्या, विमा कंपनीच्या किंवा सासरच्या हाती पडणे वेगळे. ती नोंद कागदावरच ठेवावी, कपाटात ठेवावी आणि वर्ष संपल्यावर हवी तर फाडून टाकावी.